नावांसकट

"सर, तुम्ही चिकट आहात का?"

माइक हातात घेऊन, अख्ख्या शाळेसमोर उभी राहून मी हे विचारलं. मागच्या रांगेत तस्कीन मुल्लाने तोंडात ओढणी कोंबली. प्रणोती शिर्के तर सरळ खुर्चीखाली काहीतरी शोधायला वाकली ती वर आलीच नाही. पैज या दोघींनीच लावली होती. विचारून दाखवलंस तर महिनाभर आमच्या डब्यातला पहिला घास तुझा. आणि मी, उत्कर्षा लुगडे, नववी अ, त्या वर्षी कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हते. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. मग वक्तृत्वात पहिली आले आणि मला आवाज सापडला. सापडला खरा, पण ठेवायचा कुठे ते कळेना. म्हणून मी तो सगळीकडेच ठेवत सुटले होते.

फणसळकर सर पुण्याहून आले होते. दाढी, खांद्याला झोळी, पायात फ्लोटर्स. ते खेळ बनवायचे. मोबाइलवरचे नाहीत, टेबलावर बसून खेळायचे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, फासे टाकतात, रानात शिरतात, राक्षसांना तोंड देतात. त्यांच्या खेळाचं नाव होतं 'उलट्या पावलांचं रान'. दोन तास त्यांनी आम्हाला तो खेळवला आणि साखर कारखान्याच्या आमच्या शाळेत एवढा आरडाओरडा याआधी फक्त कबड्डीच्या फायनलला झाला होता.

"चिकट?" सर म्हणाले. "कशावरून म्हणतेस?"

"तुम्हीच म्हणालात, खेळ सगळ्यांना मोकळा आहे. नियम घ्या, नकाशे घ्या, बदला, विकासुद्धा, फक्त माझा उल्लेख करा. आणि शेवटी हळूच म्हणालात, राक्षसांची नावं तेवढी राखीव. गपगप्या घ्यायचा नाही, उंडारी घ्यायची नाही. म्हणजे जेवायला बसवलं, वाढलं, आणि ताटच ओढून घेतलं!"

टाळ्या पडल्या. शिपाईमामांनीसुद्धा वाजवल्या.

सरांनी दाढी खाजवली. "नियम माझे होते, म्हणून देऊन टाकले," ते म्हणाले. "नावं माझी एकट्याची कुठायत?"

"मग कुणाची आहेत?"

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. तो झाला की दोन मिनिटं कॉलनीत कुणाचंच काही ऐकू येत नाही. भोंगा थांबेपर्यंत हेडसरांनी माइक घेऊन आभार मानायला सुरुवात केली होती.

"म्हणजे चिकटच," खुर्चीखालून वर येत प्रणोती म्हणाली.

सरांच्याच संस्थेने शाळांसाठी स्पर्धा ठेवली होती. त्यांचे मोकळे नियम वापरून आपला खेळ बनवायचा, संमेलनाच्या दिवशी शाळेत मांडायचा. निवड झाली तर अंतिम फेरी पुण्याला. अट एवढीच, की तुमचाही खेळ त्यांच्या साइटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा. आणि अर्थात, राखीव नावं वापरायची नाहीत.

आमचा खेळ होता 'फडातला चकवा'. उसाच्या फडात पाच पोरं हरवतात, बाहेरची वाट सापडत नाही, आत सात राक्षसिणी राहतात. त्या सात जणींना चुकवत, हरवत बाहेर यायचं. नियम सगळे सरांचे. त्यातला एक तर आमचा भलताच लाडका होता. राक्षसाची ताकद संपत आली की त्याला मारायचं नाही, त्याचं नवं नाव ठेवायचं. ते मोठ्याने पुकारलं की राक्षस आधीचं सगळं विसरतो आणि आपल्या बाजूला येतो. रक्त नाही, मारामारी नाही. हेडसर म्हणाले, "वा! अहिंसक आहे."

सगळं जमलं. नावं जमेनात.

मी सुचवलं, उसासुरी. तस्कीन इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने सुचवलेलं एक नाव प्रणोतीच्या मते कुठल्याशा सिरियलमध्ये होतं, दुसरं साबणाचं निघालं. "जगातली सगळी नावं कुणी ना कुणी घेऊन बसलंय," प्रणोती वैतागून म्हणाली. "आपल्याला पाहिजेत मोकळी नावं. कुणाचीच नसलेली."

ती मिळाली प्रणोतीच्याच घरी. तिच्या चुलतभावाचं लग्न होऊन नवरी क्वार्टरवर आली होती. आम्ही तिघी दारात गर्दीत उभ्या. ताटात तांदूळ पसरले, भावाने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, बायकांनी ते वाचलं, पेढे वाटले. सकाळपर्यंत आश्लेषा असलेली वहिनी संध्याकाळी प्राजक्ता झाली.

"आमच्यात नाही बाई असलं," पेढा खात तस्कीन म्हणाली. "अम्मी आधीपण रेहाना, नंतरपण रेहाना. मग जुन्या नावाचं काय करता तुम्ही लोक?"

"काय करायचंय?" प्रणोती म्हणाली. "असतं पडून."

"पडून म्हणजे? कुणीच वापरत नाही?"

मी प्रणोतीकडे बघितलं. प्रणोतीने माझ्याकडे. पेढा तसाच हातात धरून मी ओरडले, "मोकळी नावं!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही क्वार्टर ते क्वार्टर फिरलो. "काकी, लग्नाच्या आधी तुमचं नाव काय होतं हो?" बायका आधी हसायच्या, मग दाराच्या चौकटीला टेकायच्या. वॉचमनच्या मालन वहिनी पूर्वी शालन होत्या. पतपेढीतल्या मॅडम द्रौपदा होत्या आणि त्यांनी ते कुजबुजत सांगितलं. कुणी म्हणालं, अगं बाई, किती वर्षांनी विचारलं कुणी. आम्हाला वाटलं, आपण खजिनाच शोधलाय. एवढा मोठा, आणि सगळा बेवारस.

आईने मात्र सांगितलं नाही.

"आई, तुझं काय होतं?"

"होतं काहीतरी."

"सांग ना! आता कुठे वापरतेस तू ते?"

"नाही वापरत. तरी नाही सांगणार," आई म्हणाली आणि कुकरची शिट्टी बसवू लागली. मी बाहेर येऊन मैत्रिणींना म्हटलं, "आमच्या घरात पण एक फणसळकर सर निघाले."

शेजारच्या क्वार्टरमधल्या सुनीताकाकी त्या दिवशी भाकरी करत होत्या. आमची काकी म्हणजे कॉलनीचा रेडिओ. हळदीकुंकवाला जोरात उखाणे, गणपतीत जोरात फुगड्या, भिशीत पत्ते खेळताना जोरात भांडण. मी विचारलं, तर हीच काकी गप्प झाली. भाकरी तव्यावर तशीच. "जावा गं पोरींनो, काय पण खूळ तुमचं," म्हणाली. आम्ही फाटकापर्यंत आलो, तर मागून पिठाच्या हाताने धावत आली.

"कस्तुरा," ती म्हणाली. "कस्तुरा म्हणत्यात मला. म्हणायचे. आज्जीचं नाव माझ्या." मग फाटकाला पिठाची बोटं उमटवत हळूच विचारलं, "कुठं घालणार हाय ते? राणीबिणी हाय का खेळात?"

आमच्या खेळात राणी नव्हती.

"मोठ्ठी आहे काकी," मी म्हटलं. "सगळ्यात मोठी."

हे खोटं नव्हतं. सात जणींतली सगळ्यात मोठी, सगळ्यात भयंकर, फडाच्या मधोमध राहणारी जी होती, तिच्यासाठी तेव्हापर्यंत एकही नाव पुरेसं वाटलं नव्हतं. कस्तुरा म्हटल्याबरोबर तस्कीनच्या अंगावर काटा आला. आधी कारखान्यातल्या मळीचा वास येतो, मग पाचट वाजतं, मग कस्तुरा येते.

खेळ साइटवर चढवायला कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलो, तेव्हा शेवटी एक रकाना होता. तुमच्या खेळातलं काय मोकळं, काय राखीव? मी बोटं मोडली आणि टाइप केलं: 'या खेळातलं सगळं, नावांसकट, कुणीही घ्यावं, बदलावं, वापरावं. आम्ही चिकट नाही.'

प्रणोती टेबलावर डोकं आपटून हसली. तस्कीन नाही हसली.

"नावांसकट कशाला?" ती म्हणाली. "विचारलंय का आपण त्यांना?"

"विचारलं म्हणून तर सांगितली ना त्यांनी!"

"नाव काय ते विचारलं. देऊन टाकू का, हे नाही विचारलं."

"तस्कीन, पडून होती गं ती नावं!" मी म्हटलं आणि बटण दाबलं.

संमेलनाच्या दिवशी आमच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. साखरेच्या पोत्यावर फडाचा नकाशा रंगवला होता. उसाच्या कांड्यांची झाडं केली होती. सात जणी पाचटाच्या विणलेल्या. आणि कस्तुरा यायची वेळ झाली की तस्कीन टेबलाखालून मळीची वाटी उघडायची. तो गोड, आंबूस, नाकात बसणारा वास आला की लहान पोरं किंचाळत आईकडे पळायची. गोष्ट सांगणारी मी. पुण्याच्या परीक्षक बाई वही न उघडता नुसत्या बघत उभ्या होत्या. म्हणजे आवडलं होतं.

आणि गर्दीतून काकी आली. मोरपंखी साडी, केसात अबोली. मागे भिशीतल्या चौघी. सोबत एक वाकलेले, टोपीवाले गृहस्थ, हातात बोरांची पिशवी.

"ह्यो माझा भाऊ, रावसाहेब," काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तासगावच्या पल्याडनं आलाय. म्हटलं, बहिणीचं नाव खेळात आलंय, बघून तरी जा. कुठं हाय गं उत्कर्षा माझं नाव?"

"येईल काकी. आत्ता येईल."

मी मामांकडे बघायचं टाळलं. ते मला नीट आठवतं. गोष्ट सांगणारी मीच होते. त्या क्षणी तोंडातून दुसरं कुठलंही नाव काढता आलं असतं. शालन म्हणता आलं असतं, उसासुरीसुद्धा चाललं असतं. पण परीक्षक बाई बघत होत्या, गर्दी श्वास धरून होती, आणि माझा आवाज त्या दिवशी असा काही लागला होता की वाटलं, आता थांबलं तर सगळं सांडेल.

वाटी उघडली. वास सुटला. मी पाचट चुरगाळलं आणि म्हटलं, "फडाच्या मधोमध, जिथून कुणी परत आलं नाही, तिथं ती उभी आहे. लांब नखांची. कधीच पोट न भरणारी. कस्तुरा!"

पोरं किंचाळली. काकी हसत होती. हसणं तसंच राहिलं आणि त्याच्यातून काकी निघून गेल्यासारखी झाली.

तेवढ्यात दत्ताकाका, म्हणजे काकींचे यजमान, पोरांना बाजूला सारत पुढे आले. "कस्तुरा? आरं, ही तर आमचीच की! सरका रं! हिला हरवायचं तर मीच हरवणार, दुसऱ्या कुणाला हरवू देतोय होय!"

लोक खदखदले. काका भला माणूस. कारखान्यात सगळ्यांना हसवणारा, काकींना डोळ्यापुढून हलू न देणारा. त्यांनी फासे तळहातात घोळवले, फुंकर मारली, टाकले. परत टाकले. दोन्ही वेळा मोठे आकडे.

"ताकद संपली," मी म्हटलं. नियमच होता तो. "काका, आता तिचं नवं नाव ठेवा."

काकांनी मान वळवून काकींकडे बघितलं. डोळ्यात मिश्कीलपणा. बायकोला खूश करायला निघालेल्या माणसाचा असतो तसा. "त्यात काय ठेवायचंय? ठेवलंय की कवाच. सुनीता!"

हशा असा फुटला की शेजारच्या विज्ञानाच्या टेबलावरचा ज्वालामुखी हलला. आणि मी, नियमाप्रमाणे, माझ्या त्या नव्या आवाजात म्हटलं, "कस्तुरा आपलं रान विसरली. आपली माणसं विसरली. आता ती तुमची."

"झालं?" पदर तोंडाला लावून काकी म्हणाली. "दोनदा बारसं केलंत माझं."

लोक आणखी हसले. रावसाहेबमामा तेवढे हसले नाहीत. ते पोत्यावर आडव्या पडलेल्या पाचटाच्या बाईकडे बघत होते.

"निघतो मी," ते म्हणाले. "यष्टी चुकंल."

"अहो, चहा तरी घ्या," काका म्हणाले.

"नको. कस्तुरे, येतो गं."

काकींचं लक्ष नव्हतं. की होतं, मला माहीत नाही. मामांनी परत हाक मारली, "कस्तुरे."

टेबलाला लटकलेली सहावीतली दुर्वा त्यांना समजावून म्हणाली, "आजोबा, ती आता ऐकत नसते. नाव बदललं ना. नियम आहे."

"बरोबर हाय तिचं," काकी म्हणाली. बोरांची पिशवी तिने मामांच्या हातातून घेतली आणि ती बाहेर गेली.

आमची निवड झाली. परीक्षक बाई म्हणाल्या, "नावं फार अस्सल आहेत गं तुमची." प्रणोतीने मला उचलून गोल फिरवलं. फिरताना मला फक्त मळीचा वास येत होता.

पुढच्या आठवड्यात कॉलनीत नवा खेळ निघाला. काकी पिशवी घेऊन दुकानाकडे निघाली की पोरं नाक दाबून ओरडायची, "वास आला, वास आला, कस्तुरा आली, पळा!" पोरांना माहीत होतं का, कस्तुरा ही काकीच ते? काहींना होतं. एरवी पोरांच्या पाठीत धपाटा घालणारी काकी काहीच म्हणायची नाही. मग ती दुकानात काकांना पाठवायला लागली. मग संध्याकाळी फाटकात दिसायची बंद झाली.

मी लॅबमध्ये जाऊन खेळ साइटवरून काढायला बघितला. त्याच दिवशी तस्कीनने मला एक फोटो दाखवला. लातूरकडच्या कुठल्याशा शाळेने आमचा खेळ उतरवून घेतला होता, आणि वर्गाच्या भिंतीएवढं चित्र काढलं होतं. सुळे, जीभ, उसाच्या पानांचे केस. खाली सुंदर अक्षरात, कस्तुरा. सोबत संदेश: 'तुम्ही नावंसुद्धा दिलीत, तुमचं मन खूप मोठं आहे.'

मी फणसळकर सरांना मेल केला. दिलेलं परत घेता येतं का?

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. 'नाही. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून परत मागता येत नाही, मोकळं करणं म्हणजे तेच. नवी आवृत्ती काढू शकतेस. जुनी जिथे गेली तिथे राहील. पण स्पर्धेसाठी चढवलेला खेळच धरतात, बदललेला धरत नाहीत, हेही सांगून ठेवतो. तू मला विचारलं होतंस, नावं कुणाची. गपगप्या, उंडारी ही माझ्या मावसबहिणीने आठ वर्षांची असताना ठेवलेली नावं आहेत. आता ती बँकेत नोकरी करते. दर दिवाळीला मी विचारतो, देऊन टाकू का? दर दिवाळीला ती नाही म्हणते. कारण सांगत नाही. मीही विचारत नाही.'

मी तो मेल आईला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती.

"तू का नाही सांगितलंस मला तुझं नाव?" मी विचारलं. "तुला माहीत होतं असं होणार?"

"मला कुठलं माहीत?" आई म्हणाली. "पण तू मागायला आलीस ते असं, की जुनी पातेली द्या, मोडीत घालायचीत."

मी रडले. आईने रडू दिलं. मग मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "शेजारी जाऊन रड. इथे रडून काय उपयोग?"

काकी मागच्या दारात गहू निवडत बसली होती. मी उंबऱ्याशीच थांबले.

"ये की. राक्षीण काय खाती तुला?"

हे ती हसून म्हणाली, म्हणून मला आणखी वाईट वाटलं. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या माझ्या तोंडून एक वाक्य धड निघेना. "काकी, मी नाव काढते. नव्या आवृत्तीत नाव नसेल. दुसरं काहीतरी घालते. मी तुम्हाला सांगितलं होतं मोठी आहे, पण कशी ते नाही सांगितलं. मला तेव्हाच माहीत होतं. आणि टेबलाशी तर तुम्ही समोर होतात तरी मी—"

"काढू नगं," काकी म्हणाली.

मी उंबऱ्यावर बसले.

"एकटा रावसाहेब हाक मारतो त्या नावानं. त्यो बी फोनवर. त्याला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं ओरडतो, तवा घरातल्यांना कळतं की कस्तुरा म्हणून कोण हाय. त्यो गेला की संपलं बघ. तू आलीस विचारत, तवा मला वाटलं, आता चार माणसं म्हणतील. आता काय, तुझी आई म्हणत होती, लातूरपातुर गेलंय."

"पण राक्षीण म्हणून, काकी."

"असू दे की. राक्षीण व्हायला माझी ना न्हाई. नखं काढ, दात काढ अजून मोठं. पोरं भ्याली तर भिऊ देत." तिने सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "पण ती इसरती कशाला गं? पाहुण्यानं एक नाव टाकलं की इसरली रान, इसरली माणसं. एवढी मोठी राक्षीण आन् इतक्यात इसरती? मी न्हाई इसरले. एवढी वर्सं झाली, एक दीस न्हाई इसरले. तेवढं काढ."

मी बसून गहू निवडले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कट्ट्यावर मी मैत्रिणींना सांगितलं. कस्तुराला कुणीच नवं नाव ठेवू शकणार नाही. ठेवलं तरी ती ओ देणार नाही.

"मग तिला हरवायचं कसं?" प्रणोती म्हणाली.

"नाही हरवायचं."

"अगं, ती मधोमध आहे! तिला हरवल्याशिवाय फडातून बाहेरच येता येत नाही. म्हणजे खेळ कुणी जिंकूच शकत नाही! आणि खेळ बदलला की पुणे गेलं. उत्कर्षा, पुणे! माझ्या बाबांनी आख्ख्या भावकीत सांगितलंय."

"जिंकता नाही येणार," तस्कीन म्हणाली. "पण किती वेळ टिकून राहता येतं, ते मोजता येईल. ती येते, आपण पळतो, ती परत येते." ती जरा थांबली. "मला आवडेल खेळायला."

प्रणोती डबा उचलून तरातरा निघून गेली. आमच्या मैत्रीत ती पहिल्यांदाच अशी गेली होती. शेवटच्या तासाला माझ्या बाकावर एक कागद येऊन पडला. त्यावर कस्तुराचं चित्र होतं, लातूरवाल्यांपेक्षा दुप्पट सुळे असलेलं. खाली लिहिलं होतं, 'दात मोठे काढायचे म्हणालीस ना? एवढे पुरेत का, काकींना विचारून ये. या वेळी विचारून.'

बाकीच्या सहा जणींच्या दारी आम्ही परत गेलो. शालनवहिनी म्हणाल्या, असू दे. पतपेढीतल्या मॅडम म्हणाल्या, काढा. काढलं. कारण विचारलं नाही. आणि रकान्यात या वेळी मी लिहिलं: 'नियम सगळ्यांचे, कुणीही घ्यावेत. नावं राखीव. ती आमची नाहीत. आम्ही चिकट आहोत.'

आता मी बारावीत आहे. आईचं आधीचं नाव मला अजून माहीत नाही. मी परत मागितलेलं नाही.

नवी आवृत्ती चढवली त्या रात्री जेवायला बसलो, तेव्हा पप्पा आनंदात होते. कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ऐन गाळपाच्या हंगामात भांडून रजा मंजूर करून घेतली होती आणि दारात माझ्यासाठी नवे बूट ठेवले होते, खोक्यातच. पुण्यात कुठे उतरायचं, कुठे जेवायचं, त्यांचं सगळं ठरलेलं. आई वाढताना माझ्याकडे बघत होती. तिला अंदाज होता. भिंतीपलीकडून काकींचा आवाज येत होता. फोनवर, मोठमोठ्याने, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा.

मी पाणी प्यायले.

"पप्पा, आम्ही खेळ बदलला. आता तो स्पर्धेत धरणार नाहीत. आणि धरला तरी तो कुणालाच जिंकता येत नाही, कारण कस्तुराचं नाव कुणालाच बदलता येत नाही."

पप्पांचा घास हातातच राहिला. "म्हणजे? पुणं रद्द?"

"नाही," मी म्हटलं. "रजा तशीच ठेवा. टेबल मांडू देतील का, ते मी सरांना विचारलंय. हो म्हणालेत. काकी पण येतायत, मामांना घेऊन. आपण जातोय पुण्याला. हरायला."